ताटातले आजोबा

साखर मुलाकडच्या ताटातूनच आली पाहिजे, हा हट्ट जुलेखाचाच होता. नंतर घरातले सगळे ही गोष्ट सोयीस्करपणे विसरले, आणि त्यात ती स्वतःही आली.

महिनाभर एमान तिला समजावत होती. "मम्मा, स्पेनमध्ये साखरपुडा नावाची गोष्टच नाही. रोलाच्या बाजारातून एक छानसं ताट घेऊ, खलास."

"बाजारातलं नको," जुलेखा म्हणाली. "त्याच्या आईच्या लग्नात वापरलेलं, आजीच्या लग्नात वापरलेलं ताट पाहिजे. आपल्यात तसंच असतं. आपण कोणाच्या घरात चाललोय ते मुलीला ताटावरून कळतं."

खरं तर कळायला हवं होतं ते एमानला नव्हे, जुलेखाच्या सासऱ्यांना. मुलगा म्हणजे एमानच्या ऑफिसातला स्पॅनिश गोंझालो; तो समुद्राचं पाणी गोड करायच्या प्रोजेक्टवर इंजिनियर होता. गेल्या रमजानमध्ये त्यानं शारजाच्या कोर्टात जाऊन कलमाही पढला होता. तरी सासरे मोहिद्दीन "बघू" याच्यापुढे सरकले नव्हते. नवरा हमीद वारल्यापासून जुलेखानं शाळेत गणित शिकवून दोन मुलं वाढवली, पण फातिहा वाचायचा हक्क अजून म्हाताऱ्याचाच होता. त्यांच्या घराण्यात मुलीच्या तोंडात साखर पडली की थोरल्या माणसानं हात उचलून फातिहा, म्हणजे कुराणातली पहिली सूरा, वाचायची, मग अंगठी, मग साखर सगळ्यांना वाटायची. फातिहा झाली नाही तर साखर ही नुसती साखर. जुनं खानदानी ताट पाहून सासरे विरघळतील, असा जुलेखाचा हिशेब होता. गणिताच्या बाईंचे घरचे हिशेब क्वचितच जुळतात.

गुरुवारची दुपार होती. दुबईहून शारजाला येणाऱ्या रस्त्यावर गाड्या नेहमीसारख्या तुंबलेल्या. असरची अजान होऊन गेली तरी पाहुण्यांचा पत्ता नव्हता. सांदणं गार झाली, नारळाचं दूध दोनदा फ्रीजमध्ये जाऊन आलं. मोहिद्दीनची मुलगी अन्वरी, म्हणजे एमानची फुफी, अजमानहून वेळेवर आली होती आणि ते सगळ्यांना आठवण करून देत होती.

"जमाल असता तर वेळेवर आला असता," ती म्हणाली. जमाल तिच्या दिराचा मुलगा. एमानसाठी तिनं त्याला दोन वर्षं लोणच्यासारखा मुरत ठेवला होता.

"फुफी, जमालभाई लिव्ह्ज इन द नेक्स्ट बिल्डिंग," एमानचा कॉलेजात जाणारा भाऊ रेहान म्हणाला. तो गोंझालोच्या बाजूचा होता. दोघं किनाऱ्यालगतच्या कॉर्निशवर फुटबॉल खेळत.

"तेच म्हणते मी. शेजारचं सोडून तुम्ही विमानानं मुलगा आणलात."

शेवटी बेल वाजली. दारात गोंझालो उभा होता, घामानं भिजलेला, दोन्ही हातांवर चांदीचं भलंमोठं ताट. त्यावर साखरेचा डोंगर आणि डोंगरावर लेसचा रुमाल. मागे त्याची आई, दोन्या इनेस, म्हणजे इनेसबाई. उंच, काटकुळी, राखाडी पोशाख, आणि डोक्यावरून काळ्या लेसची ओढणी घेतलेली. या बाईंबद्दल मत वाईट करूनच अन्वरी आली होती. त्या ओढणीनं तिची पंचाईत केली.

"एवढी साखर?" जुलेखा एमानच्या कानात म्हणाली. "चिमूटभर लागते गो."

"असू दे ना, मम्मा," एमान म्हणाली, आणि ताटाकडे न बघता किचनमध्ये गेली.

मोहिद्दीन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी सलाम घेतला, ताटाकडे एकदा पाहिलं आणि काठी जमिनीवर टेकवली.

"साखर मागाहून. आधी खानदान. बाईंना विचार, तुमचा मूळपुरुष कोण, आला कुठून, आणि घराणं वाढलं कसं."

आता असं होतं, की मोहिद्दीन मराठीत विचारणार, एमान ते गोंझालोला इंग्रजीत सांगणार, गोंझालो आईला स्पॅनिशमध्ये. उत्तर त्याच जिन्यानं परत वर यायचं. इनेसबाई खूप बोलत, गोंझालो त्यातलं निम्मं सांगे, आणि एमानच्या तोंडून मोहिद्दीनपर्यंत जे पोचे ते रोजा सुटताना मिळणाऱ्या खजुराएवढं असे.

इनेसबाईंचा चेहरा मात्र खुलला होता. त्यांच्या देशात आता हे कोणी विचारत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांचं आडनाव तोरेसेका. पहिला तोरेसेका उत्तरेच्या डोंगरातून एक खेचर घेऊन दक्षिणेला आला. त्याच्या बापाचं नाव कोणालाच ठाऊक नाही.

"म्हणजे खेचरवाला?" अन्वरीनं विचारलं.

"नंतर राजाच्या फौजेत गेला," एमान घाईनं म्हणाली. "मोठी लढाई झाली. कोरड्या माळावर एक बुरूज होता, तो त्यानं घेतला. तोरेसेका म्हणजे तेच, कोरडा बुरूज."

"घेतला कोणाकडून?" मोहिद्दीननी विचारलं.

गोंझालोनं एमानकडे पाहिलं.

"तिथे आधी राहणाऱ्यांकडून, बडेबाबा."

"वेट, यू मीन द मूर्स?" रेहान म्हणाला.

"रेहान, पाणी आण," एमान म्हणाली. मूर म्हणजे स्पेनवर एके काळी राज्य केलेले मुसलमान, हे बडेबाबांना कळायला नको होतं.

पुढचं सोपं होतं. नातवानं जैतून लावले, पणतवानं मेंढ्या वाढवल्या, लोकर विकून गावं घेतली. कोणा एका राजाला घोडे लागले, ते दिले, त्यानं मार्केस केलं. एक मुलगा बिशप झाला, एक समुद्रापार गेला आणि आलाच नाही. मग वाटण्या, कोर्टकज्जे. आता एक घर राहिलंय, त्याचं छप्पर गळतं, आणि दोन चुलतभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

मोहिद्दीन पहिल्यांदाच पुढे झुकले. "भाऊबंदकी कशावरून?"

प्रश्न जिन्यानं खाली गेला आणि वर आला. "पाण्यावरून. पाटाचं पाणी आधी कोणी घ्यायचं."

"असणारच," मोहिद्दीन म्हणाले, आणि जुलेखाचा जीव जरा खाली आला.

"मार्केस म्हणजे काय रे?" अन्वरीनं हळूच विचारलं.

"लाइक अ नवाब, फुफी."

अन्वरी सावरून बसली. नवाब म्हटल्यावर गोष्ट वेगळी. छप्पर काय, दुरुस्त करता येतं. बिचाऱ्या जमालची दोन वर्षं तिनं मनातल्या मनात तिथेच पुसून टाकली आणि इनेसबाईंच्या पाठीशी स्वतःच्या हातानं उशी ठेवली.

मग मोहिद्दीननी आपलं सांगितलं. बसऱ्याहून निघालेला मूळपुरुष, जयगडच्या खाडीच्या तोंडाशी फुटलेलं गलबत, आणि तिथून आपल्यापर्यंत बापामागून बाप अशी नावं. न अडखळता. इनेसबाईंनी आदरानं मान हलवली. सगळं इतकं छान चाललं होतं, की जुलेखा सांदणं गरम करायला उठली.

ताटाच्या तळाशी काय आहे ते खोलीतल्या मराठी माणसांपैकी फक्त एमानला माहीत होतं.

आदल्या दिवशी हॉटेलात इनेसबाईंनी ते कापडातून सोडून तिला दाखवलं होतं. तळावर घराण्याची ढाल कोरलेली: वर बुरूज, आणि त्याच्या खाली मधोमध पाच डोकी. पगडी घातलेली, डोळे मिटलेली, मानेपाशी कापलेली. तिचा चेहरा पाहून गोंझालो गोंधळला होता. "इट्स जस्ट द शील्ड, एमान." लहानपणी तो यातून ऑलिव्ह खायचा, कधी नीट बघितलंही नाही, असं त्यानं सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं होतं. दुसरं ताट घ्यावं तर मम्माला काय सांगणार? मग तिनंच सुचवलं, साखर भरपूर घालू. चिमटीनं खायची असते, तळ कोण बघणार? इनेसबाईंना तिनं सगळं नीट समजावून ठेवलं होतं: आधी तुम्ही मला साखर भरवा, मग आजोबा हात उचलून दुआ वाचतील, त्यांनी तोंडावरून हात फिरवले की अंगठी घाला. सगळं विचारलं होतं. त्यांच्या घरात या ताटाचं काय करतात, एवढं विचारायचं राहिलं होतं.

इनेसबाईंनी पर्समधून चांदीचा चमचा काढला. साखरेच्या डोंगराच्या बरोबर मध्ये खुपसला आणि एमानला भरवला. सगळे हसले. दुसरा चमचा, पुन्हा मधूनच. "बस बस, शुगर होईल पोरीला," अन्वरी लाडानं म्हणाली. तिसऱ्या चमच्याला खणखण आवाज आला. इनेसबाईंनी साखर दोन्हीकडे सारली, वाकून पाहिलं आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. काहीतरी बोलल्या.

गोंझालोला आता भाषांतराची सवय लागली होती. विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं. "शी सेज, देअर ही इज. ग्रँडफादर."

ग्रँडफादर कोण म्हणून सगळे ताटावर वाकले.

आधी कोणालाच कळलं नाही. साखरेत एक पगडी होती. मग भुवया, मिटलेले डोळे, टोकदार दाढी. रेहाननं बोटानं उरलेली साखर बाजूला केली आणि त्याचं बोट कापलेल्या मानेपाशी थांबलं. शेजारी दुसऱ्या पगडीचं टोक दिसत होतं.

"व्हॉट द हेल, मॅन," तो गोंझालोला म्हणाला. "दीज आर अवर पीपल."

"या अल्ला," अन्वरी म्हणाली, आणि पाठीशी ठेवलेली उशी काढून घेते की काय असं वाटलं. "मुंडकी! मुसलमानांची मुंडकी, आणि त्यावर साखर घालून आणली! मी म्हणत नव्हते? जमालच्या घरात स्टीलचं ताट असेल, पण त्यात डोकी नाहीत!"

"अन्वरी, आवाज खाली," जुलेखा म्हणाली. तिनं मुलीकडे पाहिलं. एमान ताटाकडे बघतच नव्हती, आईकडे बघत होती. "तुला ठाऊक होतं."

"मम्मा, आय थॉट..."

"म्हणून एवढी साखर."

आपण मुलीवर रागावलोय की स्वतःवर, हे जुलेखाला कळेना. ताट मागितलं कोणी? मुलगी कोणाच्या घरात चाललीय ते ताटावरून कळतं, असं कोण म्हणालं होतं? आता कळलं होतं, आणि म्हणूनच काय करावं ते कळत नव्हतं. गोंझालो तीन भाषांत सॉरी म्हणत होता. इनेसबाईंच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं. या बाईंना आपलं काय चुकलं ते खरोखरच माहीत नाही, हे जुलेखाला दिसत होतं.

"गप्प," मोहिद्दीन म्हणाले. "बाईंना विचार. हे कापलेलं डोकं. आणि त्या याला आजोबा म्हणतात. का?"

या वेळी एमाननं एक शब्दही गाळला नाही.

इनेसबाई सावकाश बोलल्या. बुरूज जिंकला तेव्हा त्यात पाण्याचा थेंब नव्हता. बुरुजाच्या मालकानं लढाईआधी पाट बुजवून टाकला होता. पाणी डोंगरातून कुठून येतं ते तो आणि त्याचे चार भाऊ जाणत होते, आणि पाचही मारले गेले. राहिली होती त्याची मुलगी. पहिल्या तोरेसेकानं तिच्याशी लग्न केलं, कारण पाण्याची वाट फक्त तिला ठाऊक होती. घराण्यातला प्रत्येक माणूस तिच्या पोटचा. म्हणून मधला तो आजोबा. सून घरात येते तेव्हा तो दिसेपर्यंत मधूनच खायचं. लहानपणी आम्ही सकाळी उठून त्याला सलाम करायचो, त्याच्यासमोर खोटं बोलायची बंदी होती.

"ज्यानं बापाला मारलं त्याच्याशी लग्न?" अन्वरी म्हणाली. "मग हा मेला त्यांचा की आपला?"

"दॅट इज सो सिक," रेहान म्हणाला, पण आधीच्या जोरानं नाही.

"म्हणजे गोंझालो मुळात मुसलमान? मग रमजानमध्ये कोर्टात कशाला गेला?"

"फुफी, तसं नसतं ते."

"मग कसं असतं?"



मोहिद्दीननी चष्मा लावून ताट जवळ ओढलं. त्यांना राग आला होता, खूप राग आला होता. काठी घेऊन उठावं आणि पाहुण्यांना लिफ्टपर्यंत पोचवावं असं मघापासून वाटत होतं. पण त्या मिटलेल्या डोळ्यांवरून त्यांची नजर निघेना.

त्यांना उगाचच अरबाब, त्यांचा जुना अरब मालक, आठवला. दुबईत खाडीवर माल उतरवायचे दिवस होते. एकदा चहा पिताना त्यांनी मालकाला अभिमानानं सांगितलं होतं, आम्ही मूळचे तुमचेच, बसऱ्याचे. तो अरब इतका हसला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आणखी चौघांना बोलावून ते पुन्हा सांगायला लावलं. घरी येऊन मोहिद्दीन कोणाला काही बोलले नाहीत. बापामागून बाप अशी नावं मात्र त्या दिवसापासून जास्तच मोठ्यानं सांगू लागले.

नावं सगळी पुरुषांची होती. गलबत फुटून एक माणूस एकटा किनाऱ्याला लागला, खारं पाणी पिऊन अर्धमेला. त्याला गोड्या पाण्याची विहीर कोणी दाखवली? कोणाची मुलगी होती ती? इतक्या वर्षांत हे विचारायचं त्यांना सुचलंही नव्हतं. इथे या परक्या बाईंना निदान आपल्या मूळपुरुषाच्या सासऱ्याचं तोंड माहीत होतं. हे घराणं चांगलं की वाईट, आणि आपलं तरी कसलं, हे त्यांना आता ठरवता येईना. म्हातारपणी असं व्हावं याचं त्यांना वाईट वाटलं.

"नाव काय यांचं?" त्यांनी विचारलं.

नाव कोणाला माहीत नव्हतं. आजोबा, एवढंच.

"इतके दिवस घरात ठेवला," मोहिद्दीन पुटपुटले, "रोज सलाम केला, आणि याच्यासाठी कोणी कधी फातिहा वाचली नसेल." ते स्वतःशीच बोलले, म्हणून एमाननं ते इंग्रजीत सांगितलं नाही. त्यांनी काठी खुर्चीला टेकवली, ताटातल्या त्या मेलेल्या माणसाकडे पाहिलं आणि दोन्ही हात उचलले.

घरच्यांना समजलं. कब्रस्तानात वाचतात तशी ही फातिहा होती. जुलेखानं ओढणी सावरली, रेहाननं हात उचलले, धुसफुसत अन्वरीनंही उचलले. मोहिद्दीन हळू आवाजात वाचत होते. मधेच त्यांना शेजारून दुसरा आवाज ऐकू आला. गोंझालो. रमजानमध्ये पाठ केलेली, एकेक शब्द चाचपडत, चुकीच्या जागी थांबत, पण एकही शब्द न सोडता. मोहिद्दीन त्याच्यासाठी सावकाश झाले. आमीन दोघांनी बरोबरच म्हटलं. मग मोहिद्दीननी तोंडावरून हात फिरवले.

इनेसबाई याचीच वाट पाहत होत्या. त्या ताडकन उठल्या, एमानचा हात ओढला आणि अंगठी घातली. मग तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि एकदम रडू लागल्या. म्हातारबाबा रागावले होते आणि आता त्यांनी माफ केलं, एवढंच त्यांना कळलं होतं.

"अगो बाई!" अन्वरी ओरडली. "ती फातिहा मयताची होती! साखरपुड्याची अजून व्हायचीय! होईल की नाही तेही ठरलं नाही!"

एमान अंगठीकडे बघत उभी राहिली. तिच्या खांद्यावर इनेसबाई रडत होत्या. "बडेबाबा," ती म्हणाली. "काढू का?"

गोंझालोला शब्द समजले नसले तरी त्यानं प्रश्न ओळखला. जुलेखाला वाटलं आपण काहीतरी बोलावं, हात जोडावेत, पण सासऱ्यांकडे बघण्यापलीकडे तिच्याच्यानं काही होईना.

मोहिद्दीन गोंझालोकडे पाहत होते. त्याची दाढी टोकदार नव्हती, भुवया मात्र तशाच होत्या. की आपल्यालाच तसं वाटतंय?

"काढू नकोस," ते म्हणाले.

"पण अब्बा, ती फातिहा..."

"सूरा एकच आहे, अन्वरी. मेलेल्यालाही तीच, लग्नालाही तीच." त्यांनी काठी पुन्हा हातात घेतली. "आणि त्या माणसाची फातिहा आज त्याच्या घरातल्यानं वाचली. मी नाही वाचली, मी नुसती सोबत केली. यल्ला जुलेखा, साखर वाट."

जुलेखानं ताट उचललं. ते इतकं जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. अन्वरी फुफीनं डोळे मिटून कडेची चिमूट घेतली आणि आपण हे फक्त अब्बांसाठी करतोय असं जाहीर केलं. रेहाननं घेतली, मग गोंझालोच्या पाठीत एक गुद्दा घातला. शेवटी जुलेखानं ताट सासऱ्यांपुढे धरलं. कडेला भरपूर साखर उरली होती, पण त्यांनी बोटं मधे घातली, पगडीवाल्याच्या दाढीवर राहिलेली साखर टिपून तोंडात टाकली, आणि कोणाला दिसू नये अशा बेतानं त्याला सलाम केला.